विश्लेषण : उपम्याने लाख डॉलर जिंकले, मग ‘तबला’ का बंद पडले? शेफ फ्लॉइड कार्डोझ यांची कारकीर्द काय सांगते?

रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळीच्या ठिकाणी बसायला जागा मिळत नाही. गंगापूर परिसरातील वाइनरींमध्ये मुंबई-पुण्याचे पाहुणे जेवायला येतात. शहराला खाण्याचे वेड आहे आणि खिलवण्याचेही. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या टेबलावर काचेचे नाजूक पेले आणि कापडी नॅपकिन असतात, त्या टेबलावर आपल्या घरचे पदार्थ क्वचितच का दिसतात? तिथे पास्ता चालतो, मग उपमा का चालत नाही?

मुंबईत जन्मलेले आणि मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी याच प्रश्नावर दोन दशकांहून अधिक काळ काम केले, तेही न्यूयॉर्कमध्ये. समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले, टीव्हीवरील मानाची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि त्यांची नावाजलेली रेस्टॉरंट बंदही पडली. पुढे मुंबईत त्यांनी जे उभे केले, ते मात्र त्यांच्या पश्चात टिकले. हे असे का झाले, याचे हे विश्लेषण.

‘फाइन डायनिंग’ म्हणजे नेमके काय?

मराठीत चहाच्या टपरीपासून पंचतारांकितपर्यंत सगळ्यालाच ‘हॉटेल’ म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात मुक्कामाची सोय असलेले ते हॉटेल आणि फक्त जेवणाचे ते रेस्टॉरंट. फाइन डायनिंग हा रेस्टॉरंटमधील सर्वात खर्चिक प्रकार. येथे पाहुणा दोन-तीन तास बसतो. पदार्थ एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने येतात. प्रत्येक ताट सारखेच दिसावे आणि सारखेच लागावे, ही अपेक्षा असते. त्यासाठी स्वयंपाकघरात मोठा ताफा लागतो. भाज्या चिरणारा, मासा साफ करणारा, सॉस करणारा, गोड पदार्थ करणारा अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मुख्य शेफच्या खालोखाल सू शेफ असतो आणि रोजचा गाडा तोच हाकतो.

ही सगळी घडी फ्रान्समध्ये बसली. त्यामुळे ‘उत्तम जेवण म्हणजे फ्रेंच जेवण’ हे समीकरण जगभर रूढ झाले. भारतीय जेवण परदेशात लोकप्रिय होते, पण ते स्वस्त आणि भरपेट जेवण म्हणून. एकाच रश्शात चिकन, कोळंबी किंवा पनीर घालून दिलेली ‘करी’ ही त्याची ओळख होती. कार्डोझ यांची लढाई या ओळखीशी होती.

कार्डोझ या क्षेत्रात कसे आले?

कार्डोझ यांचा जन्म २ ऑक्टोबर १९६० रोजी मुंबईत झाला. घरातील जेवण गोव्याच्या ख्रिस्ती वळणाचे. म्हणजे मासे, नारळ, व्हिनेगर, पाव आणि वाटलेला मसाला. शिक्षण मात्र जीवरसायनशास्त्राचे सुरू होते. त्या काळात त्यांच्या वाचनात आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी आली आणि या व्यवसायाचे आकर्षण निर्माण झाले. मध्यमवर्गीय घरातील मुलाने विज्ञान सोडून ‘स्वयंपाकी’ व्हायचे, हे तेव्हा सहज पचणारे नव्हते.

त्यांनी मुंबईच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत शिक्षण घेतले. दादरमधील ही संस्था १९५४ मध्ये सुरू झालेली, देशातील या क्षेत्रातील जुनी संस्था आहे. पुढे ताज हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारी झाली आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमधील ‘ले रोश’ या संस्थेत प्रशिक्षण. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले.

फ्रेंच स्वयंपाकघरात गोव्याचा शेफ काय शिकला?

न्यूयॉर्कमध्ये त्यांना वळण मिळाले ते सेंट रेजिस हॉटेलमधील ‘लेस्पिनास’ या रेस्टॉरंटमध्ये. त्याचे मुख्य शेफ होते ग्रे कुन्झ. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या या स्विस शेफला आशियाई चवींची जाण होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लेस्पिनासला सर्वोच्च, म्हणजे चार तारे दिले होते. कार्डोझ तेथे खालच्या पायरीवर रुजू झाले आणि चढत चढत कार्यकारी सू शेफच्या पदापर्यंत पोहोचले.

या काळाचे महत्त्व पुढे कळते. फ्रेंच स्वयंपाकघरात मांस-मासा नेमका किती शिजवायचा, हाडांचे किंवा भाज्यांचे सार कसे काढायचे, आंबट-गोड-खारट यांचा तोल कसा राखायचा, याची कडक शिस्त असते. भारतीय स्वयंपाकाची ताकद वेगळी आहे. फोडणी कधी द्यायची, मसाला कोरडा भाजायचा की तेलात परतायचा, अख्खा घालायचा की कुटून, याचे बारीक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेले असते. कार्डोझ यांच्याकडे दोन्ही होते. मसाला हा तिखटपणासाठी नसून चवीला थर देण्यासाठी असतो, ही गोष्ट त्यांनी फ्रेंच शिस्तीच्या चौकटीत बसवली.

‘तबला’ वेगळे का ठरले?

१९९८ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मेयर यांनी मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोरच्या एका भव्य इमारतीत दोन रेस्टॉरंट सुरू केली. एक ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ आणि दुसरे ‘तबला’. ‘तबला’चे शेफ होते कार्डोझ.

येथे भारतीय पदार्थ जसेच्या तसे वाढले जात नव्हते. माल अमेरिकेतला, त्या त्या ऋतूतला आणि मसाल्याची समज भारतातली, असे हे सूत्र होते. गोव्याच्या मसाल्यातील खेकड्याचा केक हा तेथील सर्वाधिक गाजलेला पदार्थ. वरच्या मजल्यावर ठरलेल्या क्रमाचे उंची जेवण, तर खाली ‘ब्रेड बार’. तेथे तंदूर होता आणि नान-रोटीसोबत चटपटीत पदार्थ मिळत. रोझमेरी घातलेला नान तिथलाच. एकाच छताखाली मेजवानी आणि खाऊगल्ली असा तो प्रयोग होता.

१९९९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ रायशल यांनी ‘तबला’ला चारपैकी तीन तारे दिले. भारतीय चवींवर उभ्या असलेल्या रेस्टॉरंटसाठी हे फार मोठे होते. लंडनमध्ये अतुल कोचर आणि विनीत भाटिया यांना मिशेलिन तारा मिळाला तो २००१ मध्ये. म्हणजे भारतीय शेफना जागतिक मान मिळण्याचा काळ नुकता सुरू होत होता आणि कार्डोझ त्याच्या पहिल्या फळीत होते. २००६ मध्ये त्यांचे ‘वन स्पाइस, टू स्पाइस’ हे पाककृतींचे पुस्तक आले. अमेरिकी घरांमध्ये जिरे-मोहरीची भीती घालवणे, हा त्याचा हेतू होता.

मग ‘तबला’ बंद का पडले?

डिसेंबर २०१० मध्ये, बारा वर्षांनी ‘तबला’ बंद झाले. मेयर यांच्या कंपनीने बंद केलेले ते पहिलेच रेस्टॉरंट होते. दर्जा घसरला म्हणून ते बंद झाले नाही. कारण हिशेबाचे होते.

‘तबला’मध्ये पावणेतीनशेहून अधिक आसने होती. रेस्टॉरंट व्यवसायात ढोबळ हिशेब असा मानतात की, बिलातील साधारण एकतृतीयांश रक्कम कच्च्या मालावर आणि जवळपास तेवढीच पगारांवर जाते. उरलेल्यातून भाडे, वीज, गॅस, तूटफूट आणि कर्जाचे हप्ते भागवायचे. यातले बरेचसे खर्च गिऱ्हाईक आले नाही तरी थांबत नाहीत. शंभर खुर्च्यांच्या जागेत तीस रिकाम्या राहिल्या तर कळ सोसता येते. तीनशेच्या आसपास खुर्च्या असतील तर आठवड्याचे सातही दिवस, दोन मजले भरावे लागतात.

त्यात २००८ ची आर्थिक मंदी आली. कंपन्यांच्या मेजवान्या आटल्या. वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला उंची जेवण घेणाऱ्यांनीही हात आखडता घेतला. ‘तबला’वर प्रेम करणारे खूप होते, पण तेथे दर आठवड्याला जेवणारे तेवढे नव्हते. समीक्षकाचे तारे पहिल्यांदा दार उघडायला लावतात, पण मंगळवारच्या रात्री टेबल भरण्याची हमी ते देत नाहीत.

उपम्याची गोष्ट काय आहे?

‘तबला’ बंद झाल्यानंतर काही महिन्यांतच, २०११ मध्ये कार्डोझ अमेरिकी वाहिनीवरील ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेत उतरले. ही स्पर्धा नवशिक्यांची नव्हे, तर नाव कमावलेल्या शेफची. अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे ठेवलेल्या पदार्थांत चक्क उपमा होता. रानटी अळंबी घातलेला, सोबत कोकम आणि नारळाचे दूध. स्पर्धा त्यांनी जिंकली आणि एक लाख डॉलरचे बक्षीस कर्करोगावरील संशोधनासाठी दिले.

हा पदार्थ जिंकण्यामागे विचार आहे. इटलीत मक्याच्या भरड पिठाचा ‘पोलेंटा’ करतात. तो फाइन डायनिंगमध्ये प्रतिष्ठित आहे. आपला रवा आणि ती भरड यांची जातकुळी एकच. रवा नीट भाजला, त्यात पाण्याऐवजी चवदार सार घातले आणि तो नेमका सैलसर ठेवला, तर तो पोलेंटाच्या शेजारी मानाने बसतो. अळंबीला मातकट, खोल चव असते. नारळाचे दूध तिला स्निग्धता देते. पाश्चात्त्य शेफ ज्या ठिकाणी लिंबू किंवा वाइनचा आंबटपणा वापरतात, त्या ठिकाणी कोकम आले. म्हणजे उपम्याला नवे कपडे घातले नव्हते. तो आतून नीट समजून घेतला होता. रत्नागिरी-गोव्याचे कोकम आणि सकाळच्या न्याहारीचा रवा यांनी हे बक्षीस आणले.

त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये काय घडले?

२०१२ मध्ये कार्डोझ यांनी मेयर यांच्याच ‘नॉर्थ एंड ग्रिल’ची धुरा घेतली. हे रेस्टॉरंट भारतीय नव्हते, मासे आणि ग्रिलवरील पदार्थ ही त्याची ओळख होती. २०१४ मध्ये ते तेथून बाहेर पडले. २०१६ मध्ये त्यांनी सोहो भागात ‘पाववाला’ सुरू केले. नाव मुंबई-गोव्यात सायकलवरून पाव विकणाऱ्यांची आठवण करून देणारे आणि मेनूच्या मध्यभागी पावच. त्याच वर्षी ‘फ्लेवरवाला’ हे त्यांचे दुसरे पुस्तक आले.

‘पाववाला’ला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. २०१८ मध्ये त्याचे रूप आणि नाव बदलून ‘बॉम्बे ब्रेड बार’ केले. सजावट भडक रंगांची, वातावरण मोकळे आणि मेनू गप्पांसोबत खाण्याजोगा. ‘तबला’च्या खालच्या मजल्याचेच हे वारस होते. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये तेही बंद झाले. जेम्स बिअर्ड पुरस्काराची अनेक नामांकने, स्पर्धेतील विजय आणि दोन पुस्तके नावावर असलेल्या शेफलाही न्यूयॉर्कचे भाडे आणि बदलती आवड यांच्यापुढे माघार घ्यावी लागली.

मुंबईत वेगळे काय केले?

न्यूयॉर्कमधील हे चढउतार सुरू असतानाच मुंबईत दुसरे काम उभे राहत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झाले. समीर सेठ आणि यश भणगे हे त्यात कार्डोझ यांचे भागीदार. कार्डोझ यांच्याकडे पाककलेची दिशा ठरवण्याचे काम होते, तर रोजचे स्वयंपाकघर थॉमस झकारियास हे तरुण शेफ सांभाळत होते.

तोवर मुंबईत उंची जेवण म्हणजे इटालियन, जपानी किंवा पंचतारांकित हॉटेलातील मुघलाई. ‘कँटीन’ने देशातील गावोगावचे पदार्थ आणि हंगामी भाज्या मेनूवर आणल्या. ज्वारी आणि बार्लीचे सॅलड तिथे मिळू लागले. डोनटच्या आकाराचा, रममध्ये मुरलेला ‘गुलाब नट’ हा गुलाबजामचा अवतार गाजला. ज्वारी ही गरिबाची भाकरी, या समजाला मिळालेले हे चविष्ट उत्तर होते.

२०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ओ पेद्रो’ सुरू झाले. गोव्याचे आणि पोर्तुगीज वळणाचे जेवण, म्हणजे कार्डोझ यांच्या घरच्या मुळांकडे परतणे. मार्च २०२० मध्ये भायखळ्यात ‘बॉम्बे स्वीट शॉप’ हे मिठाईचे दुकान उघडले.

येथे ‘तबला’शी एक मोठा फरक होता. न्यूयॉर्कमध्ये खाणाऱ्याला आधी समजवावे लागे की कोकम म्हणजे काय. मुंबईतील खाणाऱ्याला कोकम माहीत होते, फक्त ते या रूपात पाहिलेले नव्हते. दुसरे म्हणजे, येथे सगळे एका शेफच्या उपस्थितीवर उभे नव्हते. वर्षातील बराच काळ ते परदेशात असत, त्यामुळे त्यांच्याशिवाय चालेल अशी फळी तयार करणे भागच होते.

अखेर कशी झाली?

मार्च २०२० च्या सुरुवातीला कार्डोझ ‘कँटीन’च्या पाचव्या वर्धापनदिनासाठी मुंबईत होते. ८ मार्च रोजी ते फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला परतले. महिन्याच्या मध्यात त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि करोनाचे निदान झाले. २५ मार्च रोजी न्यू जर्सीमध्ये त्यांचे निधन झाले. वय ५९ वर्षे. भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, तोच हा दिवस. त्यांचे गुरू ग्रे कुन्झ यांचेही त्याच महिन्यात, ५ मार्चला निधन झाले होते.

पुढील दीड-दोन वर्षांत देशातील असंख्य रेस्टॉरंटना टाळे लागले. ‘कँटीन’ आणि ‘ओ पेद्रो’ मात्र तगली. शेफ हुसेन शहजाद यांच्याकडे पुढे स्वयंपाकघराची सूत्रे आली आणि याच कंपनीने नंतर वांद्र्यातही नवी रेस्टॉरंट उघडली. अमेरिकेत पत्नी बरखा यांनी एका मसाला कंपनीच्या साथीने कार्डोझ यांच्या नावाचे मसाले बाजारात आणले.

जगात याहून टिकाऊ उदाहरण आहे का?

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातले सॅन सेबास्टियन हे शहर त्यासाठी पाहावे. लोकसंख्या दोन लाखांहून कमी. म्हणजे २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेल्या नाशिकपेक्षा कितीतरी लहान. तरीही दरडोई मिशेलिन ताऱ्यांच्या हिशेबात हे शहर जगात अग्रभागी गणले जाते.

त्याची सुरुवात १९७६ च्या सुमारास झाली. हुआन मारी अर्झाक आणि पेद्रो सुबिहाना यांच्यासह डझनभर बास्क शेफ एकत्र आले. विसरलेल्या पाककृती शोधायच्या, बिघडलेल्या पुन्हा नीट करायच्या आणि मग नवे करून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. महत्त्वाचे म्हणजे ते एकमेकांपासून काही लपवत नव्हते. अर्झाक यांचे रेस्टॉरंट हे १८९७ पासूनच्या त्यांच्या घराण्याच्या खाणावळीतच आहे. १९८९ मध्ये त्याला तीन मिशेलिन तारे मिळाले. पुढच्या पिढीतील मार्टिन बेरासातेगी यांनी आपल्या विविध रेस्टॉरंटच्या जोरावर स्पेनमध्ये सर्वाधिक तारे मिळवले. २०११ मध्ये तर शहरात पाककलेची स्वतंत्र पदवी देणारे केंद्र सुरू झाले.

बास्क शेफच्या मागे शेतकरी, मासेमार, खवय्ये आणि एकमेकांचे स्पर्धक असे सारे गाव होते. न्यूयॉर्कमध्ये कार्डोझ यांच्या मागे असे गाव नव्हते. मुंबईत ते हळूहळू जमू लागले होते.

नाशिकसाठी यात काय आहे?

कच्च्या मालाच्या बाबतीत नाशिकला कुणाच्या दारात जावे लागत नाही. द्राक्षे आणि लासलगावचा कांदा यांना भौगोलिक मानांकन आहे. मुंबईची परसबाग म्हणून जिल्ह्यातला भाजीपाला रोज कसारा घाट उतरतो. इगतपुरीचा तांदूळ, पेठ-सुरगाण्याची नागली आणि वरई, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सारे शहरापासून दोन तासांच्या आत आहे. वाइन तर इथलीच. २०२७ च्या सिंहस्थामुळे देश-विदेशातील पाहुणेही येतील.

कमी आहे ती मधली कडी. हॉटेल व्यवस्थापन शिकलेली इथली मुले नोकरीसाठी मुंबई, दुबई किंवा क्रूझ जहाजांची वाट धरतात. त्यात गैर काही नाही, कार्डोझही शिकायला बाहेरच गेले होते. पण त्यांच्या कारकिर्दीतून परतणाऱ्यांना उपयोगी पडावे असे बरेच आहे. आधी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे शिस्त शिकावी. मग आपल्या पदार्थाचा गाभा ओळखावा, त्याला नुसती सजावट करून भागत नाही. नागलीच्या भाकरीवर परदेशी नावाचा सॉस ओतला म्हणजे ती उंची होत नाही. ती गरम, मऊ आणि दर वेळी तशीच वाढता आली पाहिजे.

आणि खुर्च्या मोजून मांडाव्यात. चाळीस आसनांची, बारा पदार्थांची, हंगामाप्रमाणे मेनू बदलणारी जागा आठवडाभर भरणे हे तीनशे आसनांचा महाल शनिवार-रविवारी भरण्यापेक्षा जास्त शहाणपणाचे. स्वयंपाकघरात दुसरा आणि तिसरा माणूस पहिल्या दिवसापासून तयार करावा. ‘तबला’ची इमारत मागे राहिली, पण तेथे घडलेली समज मुंबईतल्या फळीच्या हाती आली आणि ती अजून चूल पेटती ठेवून आहे.